गिरमिट

खानापुरात, मलप्रभेच्या अलीकडं,
डॉक्टर साबण्णावरांच्या अर्ध्या बंगल्यात
दुपारी सव्वा एकला लाइट गेली
आणि कुणाचंच काही अडलं नाही.
पूर्वी अडायचं.
पूर्वी लाइट गेली की आम्ही भिंतीला टेकून विड्या काढायचो.

आता प्लायवुडवर मशीनी ओळीनं आडव्या:
मोनाप्पाची निळी,
दस्तगीरची बारकी पिवळी,
शिवलिंग बडिगेरची हिरवी, कंपनीचं नाव घासून गेलेली,
आणि माझी, हप्त्यावरची, अजून खोक्यासकट.
कल्लव्वानं कागदात गिरमिट बांधून आणलेलं,
चुरमुरे, कांदा, चिंचेचं पाणी, वर डाळ्याचं पीठ.
खाता खाता विषय निघाला.

मोनाप्पा म्हणाला, "व्होल्ट सांगू नकोस गा मला.
खोक्यावर काय, वीस पण लिहितात.
ऐनाच्या चौकटीत तीन इंची स्क्रू घाल,
मग मनगटाला विचार."
त्याची निळी शेवटच्या दोन आट्यांत हाताला हिसका देते.
तरी तीच बरी म्हणतो.
हिसका कधी येणार ते आता त्याला कळतं.

दस्तगीर शिडीवरचा माणूस.
"दिवसभर डोक्याच्या वर धरून बघ की.
रात्री भाकरी मोडताना बोटं ऐकत नाहीत.
माझी जांभ्यात शिरत नाही, खरं
मी कुठं विहीर पाडतोय?"

शिवलिंग कानडीत बोलतो, आम्ही मराठीत उत्तरं देतो,
चक आणि टॉर्क मधल्यामधे फिरतात.
बडिगेर म्हणजे सुतारच;
मोनाप्पा आणि तो आडनावानं एकच, उच्चारानं दोन.
त्याचं मत: बिनब्रशची मोटर घ्या,
पैसे जातात, वास येत नाही.
कसला वास, ते तो नाकपुड्या फुगवून करून दाखवतो.
त्याची हिरवी दोनदा माळ्यावरून पडली,
एकदा सिमेंटच्या पाण्यात.
"नडीतैती," म्हणतो, आणि बटण दाबतो.
खरंच चालते.

मी सर्व्हिसिंगचं विचारलं. सगळे हसले.
बेळगावात देतात, बेळगाव हुबळीला पाठवतं,
हुबळीच्या पुढं काय होतं ते दस्तगीरलाही माहीत नाही,
आणि त्याची सहा महिने तिथं होती.

तीन वाजले तरी लाइट नाही.
पुढच्या दाराला फक्त अडसराचं भोक राहिलेलं,
सागवान, सव्वादोन इंच जाड.
माझी मशीन अर्ध्यात घरघरली आणि थांबली.
दुसरी बॅटरी? घरी. टीव्हीच्या मागं. विसरली.
निळीची लावून बघितली, बसेना.
हिरवीची, बसेना.
खाच प्रत्येकाची वेगळी, केसाएवढी.
"एकाच कारखान्यात बनत असतील बघ," दस्तगीर म्हणाला,
"खरं खाच वेगळी ठेवतात."
मग निळीत दम नव्हता, हिरवीत एकच दिवा,
पिवळीनं सागवानाकडं नुसतं बघितलं.

मोनाप्पानं पिशवीच्या तळातून
फडक्यात गुंडाळलेलं काढलं:
लोखंडी पीळ, आडवी मूठ, मूठ तेलानं काळी.
"हे काय?" कल्लव्वा.
"गिरमिट."
तिनं आधी रिकाम्या कागदाकडं बघितलं,
मग मुठीकडं,
आणि हसता हसता तिला ठसका लागला.
शिवलिंगनं पाणी दिलं.

मी दार धरलं. मोनाप्पा पिळत राहिला.
लाकडाचा लांब, न तुटणारा कीस
त्याच्या पायावर गोळा होत गेला.
मला काहीतरी म्हणावंसं वाटलं,
जुनं ते सोनं की काय असलं.
त्याला ते तोंडावर दिसलं असावं.
"बाबांचा खांदा ह्यानंच गेला," तो म्हणाला,
"शेवटी डोक्यावर पाणी पण घेता येत नव्हतं.
चार्ज करून आणत जा."

भोक पडलं. पलीकडून उजेड आला, बोटाएवढा.
तेवढ्यात वरच्या खोलीत पंखा फिरला,
लाइट आली, आणि चौघेही
चार्जर घेऊन जिन्याकडं पळालो,
जिथं अख्ख्या बंगल्यात
बोर्ड बसवलेला एकच, त्यात सॉकेट एक.